कँडीचा अदिकारम्: सिंहली दरबारातला सर्वांत मोठा मंत्री आणि त्याची खरी ताकद

प्रश्न असा आहे: श्रीलंकेतल्या कँडीच्या सिंहली राज्यातला 'अदिगार' म्हणजे तिथला पेशवा समजावा का? एकाच वेळी दोन अदिगार कशासाठी असत? आणि जुन्या कागदांत महानिलमे, दिसाव, दियवडन निलमे अशी नावे येतात, त्यांत मोठा कोण हे कसे ओळखायचे?

पेशवा समजू नये. पेशवेपद एका माणसाकडे होते, पुढे ते एका घराण्यात वंशपरंपरेने राहिले आणि फौज-खजिना त्याच्या हाताशी आला. कँडीत अदिकारम्, म्हणजेच अदिगार, एका वेळी दोन असत. पद बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. राजाची मर्जी असेपर्यंतच ते टिके. रोख पगार नव्हता आणि अदिकारम् म्हणून स्वतःची मोठी फौजही नव्हती. दरबारात राजाखालोखाल मान त्याचा, पण माणसे आणि धान्य गोळा करण्याची ताकद त्याला वेगळ्या पदातून मिळे. ते पद म्हणजे एखाद्या प्रांताची दिसावणी, प्रांताचा कारभार; तो चालवणारा तो दिसाव. कँडीचा कोणताही मंत्री वाचताना आधी शोधायचे ते एवढेच, की त्या वर्षी त्याच्याकडे कोणती दिसावणी होती.

शब्दापासून सुरुवात करू. 'अदिकारम्' म्हणजे आपला 'अधिकार'च, तमिळ वळणाने सिंहलीत रुळलेला. युरोपीय लोकांनी त्याचे 'अदिगार' केले आणि इंग्रजी पुस्तकांतून तेच रूप आपल्यापर्यंत आले. सिंहलीत याच माणसाला 'महानिलमे' असेही म्हणतात, म्हणून कागदात एकदा अदिकारम् आणि पुढच्या ओळीत महानिलमे दिसला तर दोन माणसे धरू नका. नुसते 'निलमे' मात्र कितीतरी जणांना लागते. तो दरबारी अधिकाऱ्यासाठीचा सर्वसाधारण शब्द आहे.

'अधिकार' ही पदवी कँडीहून जुनी आहे. पराक्रमबाहू पहिला याच्या (११५३ ते ११८६) दरबारातल्या अधिकाऱ्यांच्या यादीत अधिकार, सेनेविरत् म्हणजे सेनापती, महलेन म्हणजे मुख्य लेखक अशी पदे येतात. पोळोन्नरुव या जुन्या राजधानीत तोपवेव तलावाच्या बांधावर निश्शंकमल्लाचे (११८७ ते ११९६) सभागृह आहे. तिथल्या दगडी खांबांवर कोणी कुठे बसायचे ते कोरलेले आहे. राजाच्या उजव्या हाताला युवराज, राजपुत्र, सेनापती, प्रधान आणि कायस्थ म्हणजे लेखनिक. डाव्या हाताला मांडलिक, 'चौऱ्यांशी' म्हणजे छोट्या विभागांचे प्रमुख आणि व्यापारी मंडळाचे लोक. सिंहली दरबाराची बैठक समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही, कारण ही मांडणी कोणा पाहुण्याने ऐकून लिहिलेली नाही, ती दरबाराने स्वतः दगडात लिहून ठेवली आहे. राजाच्या आसनाचा दगडी सिंह आता कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पण आपल्याला सगळ्यांत तपशीलवार माहिती मिळते ती कँडीच्या राज्याची, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटापासून १८१५ पर्यंतची. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी १६६० मध्ये राजसिंह दुसरा याच्या माणसांच्या हाती सापडला, १६७९ मध्ये निसटला आणि १६८१ मध्ये त्याचे पुस्तक छापले गेले. राज्य संपल्यावर जॉन डॉयली या इंग्रज रेसिडेंटने जुन्या सरदारांना विचारून राज्यव्यवस्थेची सविस्तर टिपणे केली. या दोघांमध्ये दीडशे वर्षांचे अंतर आहे. नॉक्सने लिहिलेले सगळे १८१५ लाही तसेच होते असे धरून चालणे ही नेहमीची चूक आहे.

दोन अदिकारम् म्हणजे पल्लेगम्पहे आणि उडगम्पहे. 'पल्ले' म्हणजे खालचे, 'उड' म्हणजे वरचे, 'गम्पह' म्हणजे पाच गावे. नावाचा अर्थ 'खालच्या पाच गावांचा' आणि 'वरच्या पाच गावांचा' असा होतो, आणि इथेच वाचक फसतो. वरचा तो मोठा असे वाटते, पण पहिला अदिकारम् पल्लेगम्पहेच. शिवाय दोघांचे क्षेत्र पाच गावांपुरते नव्हते, सगळे राज्य त्यांच्यात वाटलेले होते. उत्तर आणि पूर्वेकडचे प्रांत, म्हणजे सात कोरळे ('कोरळे' म्हणजे प्रांताचा पोटविभाग), मातले, ऊव, नुवरकलाविय वगैरे, पल्लेगम्पहेकडे. पश्चिम आणि दक्षिणेकडचे, म्हणजे चार कोरळे, तीन कोरळे, सबरगमुव वगैरे, उडगम्पहेकडे. शेवटचा राजा श्री विक्रम राजसिंह (१७९८ ते १८१५) याने सियपत्तुवे अदिकारम् असे तिसरे पदही काढले. १८०० नंतरच्या कागदात तिसरा अदिकारम् दिसला तर लेखनिकाची चूक समजू नका.

दोन कशासाठी, याचे कारण कामाच्या व्यापात नाही, अविश्वासात आहे. दोघे अदिकारम् बहुधा वेगवेगळ्या घराण्यांतले, एकमेकांवर डोळा ठेवणारे. एकाने काही लपवले तर दुसरा ते राजाच्या कानावर घालणार. राजाला स्वतंत्र हेरखाते जेवढे उपयोगी पडले नसते तेवढी ही चुरस उपयोगी पडे. नॉक्स सांगतो की प्रांताचे अधिकारी राजाच्या परवानगीशिवाय आपल्या प्रांतात जाऊही शकत नसत. ते दरबारात राहत आणि प्रांत हाताखालच्या माणसांकडून चालवत. त्यांची बायकामुले राजधानीत असत. सरदाराचा राजधानीतला 'वलव्व', म्हणजे आपल्याकडचा वाडा, मानाचा होता आणि ओलिसाची जागाही होती.

अदिकारमाचे काम काय काय? पहिले, राजाचा हुकूम पोचवणे. प्रत्येक अदिकारमाच्या हाताखाली 'कटुपुल्ले' नावाचे लोक असत. हुकूम नेणे, माणूस धरून आणणे, पहारा, कैद्यांची देखरेख ही कामे त्यांची. नॉक्स लिहितो की अदिकारमाची वरून वाकवलेली काठी घेऊन निरोप्या आला की ती काठीच सहीशिक्क्याच्या जागी चाले. पुढे चांदीची वाकडी काठी हे पदाचे चिन्ह ठरले. अदिकारम् बाहेर पडला की पुढे लांब चाबूक कडाडत माणसे चालत.

दुसरे काम न्यायाचे. मोठ्या सरदारांची मिळून जी सभा बसे तिला 'महानडुव' म्हणत आणि तिथे अदिकारमांचे स्थान पहिले. जमिनीच्या खटल्यात निकाल लागला की जिंकणाऱ्याला 'सिट्टु' म्हणजे ताडपत्रावर लिहिलेला निर्णय मिळे. तो देण्याचा हक्क अदिकारम् आणि दिसाव यांसारख्या वरच्या अधिकाऱ्यांना होता. खालच्या अधिकाऱ्याचा तोंडी निवाडा पुढच्या पिढीत उलटवता येई, सिट्टु उलटवणे अवघड होते. पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा ठरला तर शपथ किंवा दिव्य, उदाहरणार्थ उकळत्या तेलात बोटे घालणे. अदिकारम् मारहाणीची आणि कैदेची शिक्षा देऊ शके, देहदंड नाही. तो फक्त राजाचा अधिकार. एखाद्या अदिकारमाने कुणाला ठार मारायची शिक्षा दिली असे वाचलेत तर त्यामागे राजाचा हुकूम शोधा. तो नसेल तर तो न्याय नव्हता, सत्तेची झटापट होती.

तिसरे काम राजधानीतल्या बांधकामांसाठी माणसे उभी करणे. इथे 'राजकारिय' हा शब्द येतो आणि मराठी वाचक तो हमखास चुकीचा वाचतो. राजकारण नव्हे. जमीन कसण्याच्या बदल्यात राजाची करावी लागणारी सेवा म्हणजे राजकारिय. कोणी भाला घेऊन पहारा द्यायचा, कोणी हत्ती धरायचे, कोणी ढोल वाजवायचा, कोणी लाकूड वाहायचे. कोणत्या शेतावर कोणती सेवा लागू आहे हे 'लेकम् मिटिय' या ताडपत्री नोंदवहीत लिहिलेले असे. जमीन विकत घेणाऱ्याच्या गळ्यात सेवाही पडे. विसाव्या शतकातल्या मजुरीच्या कल्पना घेऊन हे वाचले तर काहीच उलगडत नाही. इथे सेवा माणसाला चिकटलेली नव्हती, शेताला चिकटलेली होती.

चौथे काम पाच-पंचवीस वर्षांतून एकदाच येई, पण सगळ्यांत वजनदार तेच. राजा मेला की सरदारांना एकत्र करून वारस ठरवणे. १७३९ मध्ये वीर नरेंद्रसिंह औरस वारसाशिवाय मेला, तेव्हा त्याच्या मदुरैहून आलेल्या नायक्कर राणीचा भाऊ गादीवर आला. तिथून पुढचे चारही राजे नायक्कर. बाहेरचा राजा का चालला याचे उत्तर दरबाराच्या रचनेतच आहे. गोयिगम जातीतली 'रदळ' म्हणजे सरदार घराणी आपापसांत सोयरीक करणारी आणि एकमेकांच्या तोडीस तोड होती. त्यांतल्या एकाला राजा मानून बाकीच्यांनी त्याच्यापुढे लोटांगण घालणे कोणालाच पटणारे नव्हते. परका क्षत्रिय सगळ्यांना सारखाच परका.

आता दिसाव. 'दिशा' या शब्दाशी त्याचे नाते सरळ दिसते. डॉयलीच्या टिपणांप्रमाणे राज्याचे २१ भाग होते: १२ दिसावण्या आणि राजधानीभोवतीचे ९ छोटे 'रट'. दिसावणीवर दिसाव, रटावर रटे राळ. दिसावाच्या खाली कोरळ, मोहोट्टाल, विदाने अशी उतरंड गावापर्यंत जाई. दिसावाचा स्वतःचा झेंडा असे, चार कोरळ्यांचा सूर्यचंद्राचा, सात कोरळ्यांचा सिंहाचा. प्रांतातल्या सेवेकरी लोकांना हत्यारासह बोलावण्याचा हक्क त्याचा. दिसावणीला फौज म्हणता येते ती याच अर्थाने.

इथे एक सापळा आहे आणि तो खास आपल्यासाठी आहे. सिंहलीत 'सत्' किंवा 'हत्' म्हणजे सात, आणि 'सतर' किंवा 'हतर' म्हणजे चार. 'सतर कोरळे' वाचून मराठी माणसाच्या मनात सतरा येतो, घाईत वाचणाऱ्याच्या मनात सात. दोन्ही चूक. ते चार कोरळे. सात कोरळे म्हणजे 'सत् कोरळे' किंवा 'हत् कोरळे'. हे दोन प्रांत वेगळे, त्यांचे दिसाव वेगळे आणि ते वेगवेगळ्या अदिकारमांच्या क्षेत्रात. एका 'र'ने माणूस बदलतो.

अदिकारमांचे उत्पन्न पदाला जोडलेल्या 'निंदगम' गावांतून येई. राजाची खास गावे 'गबडागम', म्हणजे कोठाराची गावे, आणि विहार-देवळांची गावे वेगळी. गाव सरदाराच्या घराण्याचे नसून पदाचे असेल तर पद गेले की गावही गेले. याउलट पद मिळताना आणि दर वर्षी अवुरुदुला, म्हणजे एप्रिलमधल्या सिंहली नववर्षाला, राजाला 'दॅकुम्' म्हणजे नजराणा द्यावा लागे. तो वसूल करायला अधिकारी खालच्यांकडून विड्याच्या पानांसोबत पैसे घेत. ही लाच नव्हती, व्यवस्थेचाच भाग होता. पण राजा लवकर लवकर माणसे बदलू लागला की प्रत्येक नवा दिसाव आपला नजराणा भरून काढायला घाई करी आणि गावे पिळली जात. प्रांतातल्या गाऱ्हाण्यांचे मूळ पुष्कळदा इथे सापडते.

राजवाड्यातले निलमे निराळे. नावे सोपी आहेत: 'बत' म्हणजे भात, म्हणून बतवडन निलमे राजाच्या जेवणाचा, 'दिय' म्हणजे पाणी, म्हणून दियवडन निलमे स्नानाच्या पाण्याचा, हलुवडन निलमे वस्त्रांचा. गजनायक निलमे हत्तींचा, महागबडा निलमे कोठारांचा, महालेकम् लेखनाचा. मान सगळ्यांना होता, पण प्रांतावर हुकूम चालायचा तो दिसावाचा. आज श्रीलंकेत यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव दियवडन निलमेचे आहे, कारण दंतधातूच्या, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या, मंदिराचा गृहस्थ प्रमुख तोच. त्यामुळे जुन्या काळीही तो अदिकारमाच्या बरोबरीचा असावा असे वाटते. तसे नव्हते. राजा गेला, अदिकारम् गेले, दिसावण्या मोडल्या. मंदिर राहिले, म्हणून त्या पदाची उंची वाढली.

एसळ पेरहेर ही दंतमंदिराची मिरवणूक पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये कँडीला गेलात तर ही सगळी उतरंड रस्त्यावरून चालताना दिसते. पुढे चाबूकवाले. मग प्रांतांचे झेंडे. मग हत्तीवर बसलेला पेरमुने राळ, म्हणजे मिरवणुकीच्या अग्रभागी असणारा अधिकारी, हातात लेकम् मिटिय. त्याच्यामागे अंकुश घेतलेला गजनायक निलमे. पुढे चौकोनी टोपी आणि कमरेभोवती घड्या घड्या करून गुंडाळलेले वस्त्र अशा जुन्या सरदारी वेशातला दियवडन निलमे, आणि देवळांचे प्रमुख बस्नायक निलमे. चाबूक आधी का, हे आता कळेल. अदिकारम् येतो आहे, वाट सोडा, ही ती खूण होती.

ही व्यवस्था मोडायची ती नेहमी एकाच ठिकाणी: दोन अदिकारमांतले एक पारडे फार जड झाले की. १७६० मध्ये कीर्ती श्री राजसिंहाविरुद्ध कट झाला. त्यात सामनक्कोडी अदिकारम् होता, पण कट फुटला आणि त्याला देहदंड झाला. १७९८ मध्ये मात्र रोखणारे कोणी उरले नाही. राजाधिराजसिंह मेल्यावर पहिला अदिकारम् पिळिमतलव्वे याने जवळच्या नात्यातल्या मुत्तुस्वामीला डावलून कन्नस्वामी नावाच्या तरुणाला गादीवर बसवले. तोच श्री विक्रम राजसिंह. मुत्तुस्वामी इंग्रजांकडे पळाला. दुसरा अदिकारम् अरव्वावल विरोधात होता, त्याला संपवण्यात आले. ज्या दुसऱ्या डोळ्यावर सगळी रचना उभी होती तोच फुटला. यानंतर पिळिमतलव्वे एकीकडे राजाचा मंत्री आणि दुसरीकडे इंग्रज गव्हर्नर फ्रेडरिक नॉर्थशी गुप्त बोलणी करणारा, असा दुहेरी खेळ खेळू शकला. १८०३ चे युद्ध आणि त्यात कँडीतल्या इंग्रज शिबंदीचा नाश या सगळ्यात त्याचा हात होता. पुढे राजा त्याच्या हातून सुटला आणि १८११ च्या सुमारास त्याचाच शिरच्छेद झाला.

त्याच्या जागी ॲहेलेपोळ आला. पहिला अदिकारम्, शिवाय सबरगमुवचा दिसाव. सबरगमुव इंग्रजांच्या हद्दीला लागून. १८१४ मध्ये त्याने तिथे बंड केले. आता पाहा, रचना कशी चालली. राजाने त्याची पदे काढून मोल्लिगोडला पहिला अदिकारम् केले आणि त्यालाच बंडावर पाठवले. बंड फार काळ टिकले नाही, ॲहेलेपोळ कोलंबोला पळाला. प्रतिस्पर्ध्याचा उपयोग राजाने अगदी जुन्या पद्धतीने केला. पण ओलिसांच्या बाबतीत त्याने जे केले ते घातक ठरले. ॲहेलेपोळची बायको आणि मुले कँडीत होती, त्यांना राजाने ठार केले. ओलिसाचा उपयोग तो जिवंत असेपर्यंतच असतो. आता प्रत्येक सरदाराला आपल्या वलव्वातली माणसे दिसू लागली. १८१५ च्या जानेवारीत इंग्रज चालून आले तेव्हा मोल्लिगोडकडे चार कोरळ्यांची दिसावणी होती आणि कोलंबोहून कँडीचा रस्ता तिथूनच जातो. आपले कुटुंब राजाच्या हातून सुटेपर्यंत त्याने विरोधाचा देखावा केला आणि मग तो इंग्रजांना मिळाला. १४ फेब्रुवारीला इंग्रज कँडीत शिरले, १८ तारखेला राजा पकडला गेला. त्याला वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवले, तिथेच तो १८३२ मध्ये वारला.

२ मार्च १८१५ चा करार दंतमंदिराजवळच्या 'मगुल् मडुव' या लाकडी खांबांच्या दरबार-मंडपात झाला. त्याच्या चौथ्या कलमात अदिकारम्, दिसाव आणि खालच्या अधिकाऱ्यांचे हक्क राखण्याचे वचन आहे. सरदारांनी राजा काढला तो आपले हक्क टिकतील या हिशेबाने. ऊवमध्ये १८१७-१८ चा उठाव झाला, केप्पेटिपोळ दिसाव त्यात सामील झाला आणि २६ नोव्हेंबर १८१८ ला त्याचा शिरच्छेद झाला. त्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरच्या जाहीरनाम्याने सरदारांचे बहुतेक अधिकार काढून घेतले होते. ॲहेलेपोळला १८१८ मध्येच अटक झाली. त्याला पुढे मॉरिशसला पाठवले, तिथे १८२९ मध्ये तो वारला. १८३२ मध्ये राजकारिय रद्द झाले आणि दिसावणीच्या पायाखालची जमीनच गेली.

मूळ कागद किंवा त्यांची भाषांतरे वाचणार असाल तर तीन गोष्टी जवळ ठेवा.

तारखा. कँडीच्या कागदांत शक वापरतात, आपल्याच पंचांगातले शके. १८१५ च्या करारात सिंहली वर्ष १७३६ लिहिले आहे. ७८ मिळवले तर १८१४ येते आणि माणूस गोंधळतो. तिथले वर्ष सौर, एप्रिलच्या मध्याला बदलणारे. जानेवारी ते एप्रिल मध्य या काळातल्या कागदाला ७९ मिळवायचे. गुढीपाडव्याचा हिशेब मात्र लावू नका, पाडवा पुढेमागे सरकतो, अवुरुदु जवळजवळ स्थिर असतो.

नावे. ॲहेलेपोळ, मोल्लिगोड, पिळिमतलव्वे ही माणसांची नावे नाहीत, घराण्याची आहेत, गावावरून पडलेली. १८१५ च्या करारात दोन मोल्लिगोड आहेत: एक पहिला अदिकारम्, दुसरा तीन कोरळ्यांचा दिसाव. त्यातलाच सबरगमुवचा दिसाव पिळिमतलव्वे म्हणजे शिरच्छेद झालेला अदिकारम् नव्हे. नावापुढे पद आणि प्रांत लिहून ठेवल्याशिवाय टिपण पुढे नेऊ नका.

आणि काळ. इंग्रजी अमलात 'अदिगार' ही सन्मानाची पदवी म्हणून विसाव्या शतकातही दिली जात होती. अशा अदिगाराकडे कटुपुल्ले नव्हते, महानडुव नव्हती, सिट्टु देण्याचा हक्क नव्हता. १८१५ नंतरच्या कुठल्याही चरित्रात हा शब्द आला की आधी वर्ष पाहायचे.